मध्य प्रदेशात वराहपालन परवडेल का? सरकार ५० टक्के सबसिडी देतंय म्हणतात.

सबसिडीवरून हिशोब मांडूच नका. राष्ट्रीय पशुधन अभियानात ३० लाखांपर्यंत मिळते हे खरं, पण दोन हप्त्यांत आणि तपासणीनंतर. तोवर पैसा तुमचा अडकतो.

महूच्या पुढे आमच्या शेतात माझ्या २२ डुकरिणी होत्या, लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विलायती जातीच्या. बांधाच्या पलीकडे दादाचं सोयाबीन. सुरुवातीला इंदूरच्या हॉटेलांचं उष्टं उकळून घालायचो. पुढे शहराचा ओला कचरा महापालिकेच्या गाड्यांत आणि २०२२ पासून कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटात जायला लागला. शहरासाठी उत्तमच झालं. मला मात्र मका आणि सोयापेंड विकत घ्यावी लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं, दादा खूश, मी कर्जात. ऑगस्टमध्ये कोंबडीवाल्यांच्या मागणीवरून सरकारने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तेव्हा आता सोयाबीनचा भाव पडणार म्हणून दादा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. जणू मीच दिल्लीला जाऊन सही करून आलो होतो!

पुढच्या ऑगस्टमध्ये रीव्यात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग निघाला. रीवा इथून सहाशे किलोमीटरच्या पुढे. माझं एकही जनावर आजारी नव्हतं, आणि हा रोग माणसाला होतच नाही. तरी महूच्या दुकानदाराने माल बंद केला. म्हणाला, "मुझे मालूम है भैया, ग्राहक को कौन समझाए?" २००९ च्या स्वाइन फ्लूतही हेच झालं होतं, नावाने गिऱ्हाईक पळालं. इकडे डुकरं शंभर किलोच्या वर गेली, खातायत आणि नुसती चरबी धरतायत. अडीच महिन्यांनी पडेल भावात विकली आणि शेड बंद केली.

दादा आजही नातेवाइकांत सांगतो, "घाणीचा धंदा होता, बुडणारच." साफ खोटं. त्याचंच सोयाबीन माझ्या डुकरांना महाग पडलं आणि उरलंसुरलं अफवेने मारलं. घाण तिथे नव्हतीच, रोज दोनदा धुणारा मी होतो.

तुम्हाला करायचंच असेल तर हॉटेलचं उष्टं बंद, नवी जनावरं महिनाभर वेगळी. ताप-मरतूक दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सरकारने मारलेल्या डुकराची भरपाई मिळते, आधीच मेलेल्याची नाही. माझा अनुभव छोट्या युनिटचा आहे, शिवाय ईशान्येत किंवा गोव्यात खाणारे जास्त, तिथली गोष्ट वेगळी. इथे मात्र आधी दोन-तीन गिऱ्हाइकं पक्की करा, त्यांना शेडवर बोलवून चारा-पाणी, धुणं सगळं डोळ्यांनी दाखवा. विटा त्यानंतर उतरवा.