आईच्या गुडघ्यांसाठी रोज गुळवेलीचा काढा द्यावा का?

गुहागरला आईची बोटं आणि गुडघे सुजतात, शेजारच्या काकू रोज गुळवेलीचा काढा द्यायला सांगतात. गुळवेल सूज उतरवते आणि प्रतिकारशक्तीही वाढवते हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही थोडं थोडं खरं आहे, आणि घोळ तिथेच आहे. आधी आईंना नेमकं काय झालंय ते सांगा. नुसती गुडघ्याची झीज असेल तर गोष्ट वेगळी. पण बोटं सुजतात म्हणता, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसेल, तर आमवाताची शंका येते. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. तिला आणखी चेव कशाला आणायचा?

गुळवेलीत एकच एक 'गुण' नाही. तिच्यातलं बर्बेरिन हे द्रव्य प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये सूज भडकवणारे टीएनएफ-अल्फासारखे रेणू कमी करतं. त्याच खोडातलं अरॅबिनोगॅलॅक्टन, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासली गेली; ती मात्र जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींना जागं करते. ती पाण्यात विरघळते, त्यामुळे काढ्यात उतरणारच. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर (हो, आपल्या लेखिका डहाणूकरच) आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना गुळवेल दिली, तीही जंतुसंसर्गाशी झुंजायला बळ मिळावं म्हणून. तिथे चेव आणणं हाच हेतू होता.

माझं देवगडकडे औषधांचं दुकान आहे. कोरोनाच्या वर्षी आमच्या वाडीतल्या कुंपणांवरची गुळवेल लोकांनी ओरबाडून नेली. माझ्या मावशीने चार महिने रोज पेलाभर काढा घेतला आणि डोळे पिवळे झाले. काढा बंद केल्यावर सावरली, पण दीड महिना गेला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असेच सहा रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्ण आले. बऱ्याच जणांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने तेव्हा हे मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. चुकीची वेल तोडली जाते हे मी स्वतः पाहिलंय (त्या दुसरीच्या खोडावर दाट पुटकुळ्या असतात, आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते). पण सगळं खापर तिच्यावर फोडणं मला पटत नाही.

तेव्हा आधी रक्ताच्या तपासण्या करा: आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, शिवाय यकृताची. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगाच, साखर जास्त उतरू शकते. झीजच निघाली आणि वैद्यांनी बघून ठरावीक दिवसांसाठी दिली, तर माझी हरकत नाही. आमवात निघाला आणि त्यावरचं मेथोट्रेक्सेट सुरू झालं, तर तीही गोळी यकृतालाच जड. मग वेल कुंपणावरच राहू दे. काकूंना सांगा, डॉक्टर नको म्हणाले.