शके १७९९ म्हणजे इसवी सन १७९९ नाही!

आजोबांच्या पेटीतली पोथी, पहिलं पान गेलंय, शेवटच्या पानावर "शके १७९९ ईश्वरनाम संवत्सरे माघ शुद्ध" एवढंच वाचता येतं आणि घरचे म्हणतात पेशवाईतली हस्तलिखित पोथी आहे, असं तुम्ही लिहिलंय. फोटो नीट झूम करून पाहिले, माझं मत जरा वेगळं आहे.

आधी साल. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात बदलतो त्यामुळे माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे. म्हणजे तुमच्या पोथीवरची तारीख १८७८ च्या सुरुवातीची, पेशवाई जाऊन तेव्हा साठ वर्षं होत आली होती. आता कुणी म्हणेल आकडा पुसट आहे, तो ७ आणि ९ बरोबर वाचला कशावरून? म्हणूनच संवत्सराचं नाव, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, फार मोलाचं असतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवपासून (पहिल्या संवत्सरापासून) मोजायचा नंबर. १७९९ + १२ = १८११, बाकी ११, आणि अकरावा संवत्सर ईश्वरच. ईश्वर त्याच्या आधी शके १७३९ ला आणि नंतर थेट १८५९ ला येतो, म्हणजे जवळपासचं दुसरं साल असतं तर हिशोब जुळलाच नसता; फक्त तिसरा आकडा ९ च आहे, ३ नाही, एवढं नीट बघून घ्या, कारण १७३९ लाही ईश्वरच येतो. मला तर हे जुळलं की दरवेळी तितकाच आनंद होतो.

आता हस्तलिखित की छापील. अक्षर हाताचंच दिसतंय हे खरं, पण शिळाछापात हाताने लिहिलेलंच दगडावर उतरवून छापायचे आणि पोथीचा आडवा सुट्या पानांचा आकारही तसाच ठेवायचे, त्यामुळे भलेभले फसतात. भिंग घेऊन बघा: बोरूने लिहिताना शाई भरून घेतली की अक्षर गडद आणि मग हळूहळू फिकं होत जातं. तुमच्या फोटोत सगळं पान एकसारखं काळं आहे, म्हणून मला ती शिळाछापच वाटते. (खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई असती तर पानामागे बोट फिरवल्यावर बारीक उठाव लागला असता.)

दुसरं, १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं झालं होतं. शेवटच्या पानाच्या अगदी तळाला किंवा समासात "छापखाना" असं काही दिसतंय का बघा, फोटोत ती कड कापली गेलीय. आणि शकाच्या आजूबाजूला "छापिलें" आहे की "लिहिलें" तेही बघा. कारण कधीकधी जुन्या पोथीचा शक नवीन प्रतीत जसाच्या तसा उतरवलेला असतो, मग तो मूळ पोथीचा शक झाला, तुमच्या प्रतीचा नाही. तुमच्या हातातली प्रत १८७८ ची हे छापखान्याची ओळ सापडल्यावरच पक्कं म्हणता येईल.

आणि कृपा करून फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. आमच्या घरच्या पोथीला लावली होती, काही वर्षांत गोंद पिवळा पडून कागदात मुरला आणि टेप काढताना अक्षरंच निघाली, त्या चार ओळी आता कुणालाच वाचता येणार नाहीत. पानं सुती कापडात सपाट गुंडाळून ठेवा, मधे आजोबांची एखादी चिठ्ठी किंवा कोपऱ्यात कुणाचं नाव असेल तर तेही पुसू नका. शेवटच्या पानाचा पूर्ण फोटो, चारी कडा येतील असा, खिडकीपाशी उजेडात काढून टाका, मी वाचून सांगतो.