शेवटचा हॅरी पॉटर पाहिला, पण मन भरलं नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच सिनेमाबद्दल आहेत: 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज'चा दुसरा भाग, म्हणजे मालिकेतला आठवा आणि शेवटचा (सातव्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले, त्यातला हा दुसरा). तो १५ जुलै २०११ रोजी प्रदर्शित झाला, आणि तेव्हा कॉलेजात असलेले वाचक आता मुलांना शेजारी बसवून तो बघतायत. पुढच्या उत्तरांत शेवट उघड केलेला आहे. ज्यांचा सिनेमा बघायचा राहिलाय त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावं.

प्रश्न (कोथरूड): मुलीबरोबर आठही भाग ओळीने पाहिले. हॅरीचा शिक्षक स्नेप मरतो तेव्हा दोघी रडलो. पण हॅरी आणि दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टची शेवटची लढाई संपली तेव्हा काहीच वाटलं नाही, उलट चिडचिड झाली. आम्हीच जास्त चिकित्सा करतोय का?

उत्तर: अजिबात नाही. हा शेवट ज्या गोष्टीवर, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या हातातली जादूची छडी खरी कुणाची यावर, उभा आहे, ती सिनेमात लढाई संपल्यानंतर, मोडक्या पुलावर उभं राहून दोन-चार वाक्यांत उरकली आहे. हॅरी जिंकतो हे दिसतं, पण का जिंकतो हे त्या क्षणी प्रेक्षकाला माहीतच नसतं. मग आनंद होणार कसा?

पुस्तकात ही लढत शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. दोघं एकमेकांभोवती फिरतात, हॅरी त्याला सरळ त्याच्या खऱ्या नावाने, 'टॉम रिडल' म्हणून हाक मारतो आणि त्याच्या हातातली छडी त्याची का नाही, हे सगळ्यांसमोर सांगतो. नंतर एकेकच मंत्र सुटतो आणि खेळ संपतो. खरी लढाई त्या बोलण्यात होऊन गेलेली असते. सिनेमात दोघं बुरुजावरून कोसळतात, हवेत भिरभिरतात आणि एका रिकाम्या चौकात येऊन पडतात. तिथे बघायला कुणी नाही. ज्या माणसाच्या दहशतीखाली सगळं जग होतं तो हरला, हे त्या जगाला दिसतच नाही.

मरणाचंही तेच. पुस्तकात त्याचं प्रेत इतर कुणाच्याही प्रेतासारखं जमिनीवर पडतं. मरणाला घाबरून स्वतःच्या आत्म्याचे तुकडे करणारा माणूस शेवटी साध्या माणसासारखा मरतो, सगळा अर्थ त्यात आहे. सिनेमात त्याच्या अंगाचे पापुद्रे सुटून हवेत विरून जातात. दिसायला भव्य, पण तो माणूस होता ही गोष्टच त्यात पुसली जाते. वेळ कमी पडला म्हणावं, तर आठ भागांत सगळ्यात छोटा हाच आहे, अवघा १३० मिनिटांचा. आणखी दहा मिनिटं सहज देता आली असती.

आता छडीची मालकी कशी फिरते ते एकदा नीट लावून घ्या. एल्डर वाँड, म्हणजे सगळ्यात ताकदवान छडी, शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांची. सहाव्या भागात मनोऱ्यावर हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मॅल्फॉय ती त्यांच्या हातातून उडवतो, तिथेच मालकी ड्रॅकोकडे जाते. छडी मात्र डम्बलडोरबरोबर थडग्यात जाते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. सातव्याच्या पहिल्या भागात मॅल्फॉयच्या वाड्यात हॅरी ड्रॅकोच्या हातातून त्याची नेहमीची छडी हिसकावतो. ड्रॅको हरला, त्यामुळे एल्डर वाँडही हॅरीची झाली. मालकी मिळवायला जीव घ्यावा लागत नाही, हरवणं पुरतं. व्होल्डेमॉर्टला हेच उमगत नाही. डम्बलडोरला स्नेपने मारलं म्हणून छडी स्नेपची, असा हिशेब करून तो स्नेपला संपवतो.

पुढच्या वेळी शेवटचा भाग लावण्याआधी, त्याच संध्याकाळी, तीन दृश्यं बघा: सहाव्या भागातला मनोरा, सातव्याच्या पहिल्या भागातली, एल्डर वाँडचं मूळ सांगणारी तीन भावांची ॲनिमेशनमधली गोष्ट, आणि वाड्यातली झटापट. अर्ध्या तासात होतं. सिनेमा संपल्यावर सातव्या पुस्तकाचं ३६वं प्रकरण मोठ्याने वाचा. मुलीला हॅरी करा, तुम्ही व्होल्डेमॉर्ट व्हा. संवाद तसेच लिहिलेले आहेत.

आणखी एक खटकणारी गोष्ट तुमच्या मुलीने ओळखली असेल. हॅरीची स्वतःची छडी आदल्या भागात मोडते आणि सिनेमात ती कधीच दुरुस्त होत नाही. पुस्तकात तो एल्डर वाँडने आधी आपली छडी सांधतो आणि मग एल्डर वाँड डम्बलडोरच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. सिनेमात तो तिचे दोन तुकडे करून दरीत भिरकावतो. एवढी ताकद हातात असताना त्यातून फक्त आपली जुनी छडी सांधून घेणारा हॅरी आम्हाला जास्त खरा वाटतो.

प्रश्न (सहकारनगर): हॅरीकडे आरशाचा तुकडा कुठून येतो? आणि हॉरक्रक्स, म्हणजे व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू, जवळ आली की त्याला आवाज का येतात? पुस्तकं वाचलेली नाहीत.

उत्तर: दोन्हींचं मूळ आधीच्या सिनेमांत गाळलेल्या भागात आहे. शेवटच्या भागावर फुटणारं बरंचसं खापर खरं तर पाचव्या आणि सहाव्यावर फुटायला हवं.

आरसा हॅरीचा धर्मपिता सिरियस याचा. पाचव्या पुस्तकात तो हॅरीला एक पुडकं देतो. त्यात जोडीतला एक आरसा असतो, ज्यातून दुसरा आरसा असलेल्याशी बोलता येतं. हॅरी ते उघडतच नाही, आणि सिरियस गेल्यावर सापडतं तेव्हा उशीर झालेला असतो. सिनेमाने हे सगळं वगळलं आणि सातव्यात तुकडा एकदम हातात दिला. जोडीतला दुसरा आरसा डम्बलडोरच्या भावाकडे, ॲबरफोर्थकडे पोचलेला असतो, म्हणून हॅरीला त्यात डोळा दिसतो.

हॉरक्रक्सचं थोडं वेगळं आहे. सहाव्या पुस्तकात डम्बलडोर हॅरीला बऱ्याच आठवणी दाखवतात: व्होल्डेमॉर्टच्या आईचं घर, अनाथाश्रम, आणि एक श्रीमंत म्हातारी, जी तरुण टॉमला हफलपफचा पेला आणि स्लिदरिनचं लॉकेट कौतुकाने दाखवते. त्यावरून हॅरीला कळतं की हा माणूस हॉगवर्ट्स या त्यांच्या शाळेच्या संस्थापकांच्या वस्तूंमागे असतो. सहाव्या सिनेमाने अनाथाश्रम आणि स्लगहॉर्न मास्तरांची आठवण ठेवली, बाकीचं गाळलं. मग शेवटच्या भागात हॅरीला तर्क करायला काही उरलंच नाही, म्हणून कुजबुज ऐकू येण्याची युक्ती आणली.

सगळी पुस्तकं वाचायला सवड नसेल तर सहाव्याची १०, १३, १७, २० आणि २३ ही पाच प्रकरणं वाचा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात तर आधी सहावं घ्या, मग सातवं.

प्रश्न (सदाशिव पेठ): ड्रॅकोच्या दोन साथीदारांपैकी क्रॅब मरतो की गॉइल? आमच्या घरात यावरून वाद आहे.

उत्तर: दोघंही बरोबर. पुस्तकात शाळेतल्या गुप्त खोलीत आग क्रॅब लावतो आणि त्यातच मरतो. सिनेमात क्रॅब नाही, आग गॉइल लावतो आणि तोच मरतो. क्रॅबच्या जागी ड्रॅकोबरोबर ब्लेझ झबिनी आहे.

प्रश्न (बाणेर): नवीन मोठा टीव्ही घेतला, पण शेवटचा भाग इतका काळा दिसतो की जंगलातलं काहीच कळत नाही. वर-खाली काळ्या पट्ट्याही येतात. टीव्ही खराब आहे का?

उत्तर: टीव्ही बहुधा ठीक आहे. सिनेमा मुळातच काळोखा आहे, आणि टीव्हीची काही सेटिंग तो आणखी काळवंडून टाकतात.

आधी वीज वाचवणारा इको मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे प्रकाश बदलणारा सेन्सर बंद करा. अंधाऱ्या दृश्यात हे दोन्ही पडदा आणखी मंद करतात. चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, आणि प्रकाश वाढवायचा तर बॅकलाइट वाढवा. ब्राइटनेस वाढवलात तर काळ्याचा राखाडी होतो, तपशील दिसत नाही. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा, नाहीतर लढाई टीव्ही मालिकेच्या शूटिंगसारखी दिसते. एवढं करूनही सावल्या काळ्या ठिक्कर असतील तर एचडीएमआयची रेंज (काळ्या-पांढऱ्याची मर्यादा ठरवणारं सेटिंग) तपासा. प्लेअर 'लिमिटेड'वर आणि टीव्ही 'फुल'वर असेल तर काळा रंग राखाडी, फिकट दिसतो. याच्या उलट असेल तर गडद भाग गिळले जातात. दोन्हीकडे एकच ठेवा. एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारी) आवृत्ती कमी प्रकाशाच्या टीव्हीवर साध्या आवृत्तीपेक्षा काळी दिसते, तेव्हा साधी लावून बघा.

पट्ट्या हा दोष नाही. सिनेमाची चौकट २.३९ ला १ आहे आणि टीव्ही १६ ला ९, त्यामुळे उंचीचा साधारण पाव भाग रिकामा राहणारच. झूम करून पट्ट्या घालवल्यात तर रुंदीतला तेवढाच भाग कापला जाईल. वाड्याच्या दृश्यांत कोपऱ्यात उभी असलेली माणसं मग दिसणार नाहीत.

प्रश्न (चिंचवड): २ मे ला, म्हणजे हॉगवर्ट्सच्या लढाईच्या तारखेला, सोसायटीत मोठ्या पडद्यावर शेवटचा भाग दाखवायचा आहे. साधारण ३० जण. गच्ची की क्लबहाउस? काय काय लागेल?

उत्तर: क्लबहाउस. मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे गच्चीवर साडेसातच्या आत चित्र धड दिसणार नाही, आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. त्यात वळीव कधी गाठेल याचा भरवसा नाही.

सगळ्यात आधी परवानगी. डिस्क किंवा स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घरगुती वापरासाठी असतं. सोसायटीतल्या सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची किंवा त्याच्या वितरकाची लेखी परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरी. हे महिनाभर आधी सुरू करा.

पडदा १२० इंची घ्या, म्हणजे साधारण २.६६ मीटर रुंद. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ असेल तर तो पडद्यापासून ४ मीटरवर येईल. रुंदीला रेशोने गुणायचं, बस. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान १.२ मीटरवर ठेवा, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतील. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करू नका, त्यात धार जाते आणि या सिनेमात आधीच उजेड कमी आहे. चादर लावणार असाल तर मागे काळं कापड लावा, नाहीतर प्रकाश आरपार जातो. फ्लेक्स तकतकीत असतो, त्यावर मधोमध पांढरा डाग पडतो. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरेल, पण खिडक्यांना जाड पडदे हवेतच.

गडबड बहुतेक वेळा आवाजात होते. संवाद ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक वूफर अशा आवाजात) मधल्या स्पीकरवर असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील आणि प्लेअर ५.१ पाठवत असेल, तर स्फोट दणदणीत आणि बोलणं गायब. प्लेअरमध्ये आवाज 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा आणि स्नेपच्या शेवटच्या दृश्यावर तपासा. तिथली कुजबुज शेवटच्या रांगेत ऐकू आली की काम झालं. ब्लूटूथ स्पीकर टाळा, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. वायर लावा.

लॅम्पचा प्रोजेक्टर यूपीएसवरच चालवा. वीज गेली की आतला पंखा एकदम थांबतो आणि तापलेला दिवा फुटू शकतो. भाड्याचा असेल तर नुकसान तुमच्या माथी.

शक्य असेल तर एकटा शेवटचा भाग नका दाखवू. दोन भाग मिळून २७६ मिनिटं होतात. दुपारी ४ ला पहिला, मध्ये २० मिनिटं चहा आणि वडापाव, मग दुसरा. रात्री ९ च्या आत सगळे मोकळे. पहिला भाग एल्डर वाँडच्या चोरीवर संपतो आणि दुसरा तिथेच सुरू होतो, त्यामुळे मधली सुट्टी लांबवू नका. दोन दिवस मिळाले तर आदल्या दिवशी पाचवा आणि सहावा लावा, २९१ मिनिटं.

प्रश्न (विश्रांतवाडी): स्नेप सिनेमात जास्त चांगला दाखवलाय असं माझा मित्र म्हणतो. मला तर तो सिनेमाचा प्राण वाटतो.

उत्तर: तुम्हा दोघांचंही म्हणणं खरं आहे. ॲलन रिकमनचं काम, आणि आठवणींचा तो सलग तुकडा, हा आख्ख्या मालिकेतला सगळ्यात चांगला भाग आहे असं आम्हीही म्हणू. पण सिनेमाने त्याला सौम्य केलंय. हॅरीच्या आईला, लिलीला, उरी धरून रडणारा स्नेप पुस्तकात नाही. पुस्तकात आहे तो भर शाळेत लिलीला जातीवाचक शिवी देणारा आणि नंतर माफी मागत तिच्या दाराशी ताटकळणारा मुलगा, आणि हे सिनेमाने सोडून दिलं. त्या शिवीमुळे मैत्री तुटते आणि पुढचं सगळं प्रायश्चित्त तिथून सुरू होतं. सातव्या पुस्तकाचं ३३वं प्रकरण मित्राबरोबर वाचा, त्यानंतरही स्नेप तुम्हाला आवडेल, कदाचित जास्तच.

प्रश्न (हडपसर): मुलगा ७ वर्षांचा आहे, पहिले तीन भाग आवडले. शेवटपर्यंत दाखवू का?

उत्तर: थोडं थांबा. चौथ्यात एका विद्यार्थ्याचा खून डोळ्यांसमोर होतो आणि तिथून सगळंच गडद होत जातं. शेवटच्या भागाला ब्रिटनमध्ये '१२ए' (१२ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांबरोबरच बघावा असं) प्रमाणपत्र होतं. त्यात लहान मुलांना त्रास देतील अशा तीन जागा आहेत: स्नेपवर नागिणीचा हल्ला (काचेआड आहे, पण आवाज वाईट आहे), हॉलमध्ये ओळीने ठेवलेली प्रेतं, आणि पांढऱ्या स्टेशनातल्या बाकाखालचं रक्ताळलेलं बाळासारखं काहीतरी. तिसरी जागा बऱ्याच मुलांच्या स्वप्नात येते. तोवर पुस्तकं वाचून दाखवा, रोज एक प्रकरण. आणि पुढे कधी चौथा भाग लावाल तेव्हा तो दिवसा, दिवे लावून, तुम्ही शेजारी बसून लावा.