ग्रेट स्नोरिंगला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या या गावाच्या नावात घोरणं असलं तरी ते 'स्निअर' नावाच्या कुण्या अँग्लो-सॅक्सन माणसाच्या लोकांवरून पडलंय. पहिली गफलत इथेच होते: 'ग्रेट' म्हणजे मोठं समजू नका. शेजारचं लिटल स्नोरिंगच वस्तीने मोठं आहे.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वेने किंग्ज लिन गाठा, पुढे बसने फेकनम हे जवळचं छोटं शहर. फेकनमला प्रवासी रेल्वे नाही. तिथून गाव साधारण पाच किलोमीटर. परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, विशेषतः रविवारी.

चालणार असाल तर ए148 हा मुख्य रस्ता टाळा. गाड्या सुसाट असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा 1:25,000 चा नकाशा घ्या आणि आतल्या गल्लीरस्त्यांनी जा. तेही अरुंद, दोन्हीकडे झुडपांचं कुंपण, फुटपाथ नाही. म्हणून उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. उजवीकडच्या तीव्र वळणाआधी मात्र पलीकडे जा, नाहीतर ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही; वळण संपलं की परत उजवीकडे या.

गावाच्या नावाच्या पाटीसोबत फोटो सगळेच काढतात, काढा. पण लिटल स्नोरिंगचं सेंट अँड्र्यू चर्च चुकवू नका: गोल मनोरा चर्चपासून सुटा उभा आहे, आणि आत दुसऱ्या महायुद्धातल्या इथल्या लष्करी विमानतळाचे विजयफलक, म्हणजे शत्रूची पाडलेली विमानं नोंदवलेल्या पाट्या, आहेत. ते सावकाश वाचा.