वाचकांचे प्रश्न : आधी भोक, मग आकार

प्रश्न : माझ्याकडे २१० मिलिमीटरची जपानी ग्यूतो, म्हणजे शेफची सुरी आहे. मूठ सैल झाली म्हणून घरी नवी करायला घेतली. तयार अष्टकोनी दांड्याला भोक पाडले, पण ड्रिल तिरके गेले आणि पाते एका बाजूला झुकले. दुसऱ्या खेपेला लाकूडच उभे चिरले. चुकते कुठे? इथले कोणते लाकूड चालेल?

उत्तर : चुकतोय तो क्रम. लांब बारीक ड्रिल लाकडाच्या रेषांमागे सरकते, सरावलेल्या हातातही थोडे भरकटते. म्हणून आधी भोक पाडायचे आणि मूठ नंतर त्या भोकाभोवती घडवायची.

१२५ × ३२ × २८ मिलिमीटरचा ठोकळा घ्या. पुढच्या टोकाला २२ मिलिमीटर लांबीची शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडाचा वेगळा तुकडा, डकवा. म्हशीचे शिंग जपानी पद्धतीचे, पण शिसवीही उत्तम. चिकटवायच्या दोन्ही बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, उजेडाकडे धरल्यावर फट दिसता कामा नये. एक दिवस वाळू द्या.

आता मुठीत जाणारे शेपूट मोजा. समजा ते ८५ मिलिमीटर लांब, पुढे ११ रुंद, टोकाला ५ आणि ४ जाड आहे. तीन मिलिमीटरच्या ड्रिलने एका ओळीत तीन भोके पाडा. मधले ८५ खोल, बाजूची दोन ५० पुरे, कारण शेपूट मागे निमुळते होत जाते. मधल्या भिंती बारीक कानशीने काढा. शेंबीतली खाच मात्र शेपटाच्या मापात चोख घासा, उघड्यावर दिसते ती तेवढीच.

पाते बसवून बघा. ठोकळा वाकडा दिसेल, दिसू द्या. पात्याच्या पाठीची रेष पेन्सिलीने ठोकळ्यावर मागपर्यंत ओढा, हाच मुठीचा मध्य. त्यावरून रंध्याने मागे २४ × २१, पुढे २२ × १९ असा आयत करा. मग प्रत्येक काठापासून मागे ६ आणि पुढे ५ मिलिमीटरवर खुणा करून कोपरे उतरवा, अष्टकोन तयार. ड्रिल दोन मिलिमीटर सरकले असले तरी ते या जादा लाकडात जिरते.

चिरण्याचे कारण वेगळे. शेपूट पाचरीसारखे असते. अरुंद खाचेत थंडच ठोकले तर ते लाकूड फाडते. जपानी रीत जाळून बसवण्याची. पात्याला ओले फडके घट्ट गुंडाळा, शेपटाचा मागचा दोन तृतीयांश भाग मंद लाल करा, तीन-चार सेकंद आत दाबा, बाहेर काढा, कोळसा झटका, पुन्हा करा. हे अंगणात करा, धूर बराच होतो. फडके वाळू देऊ नका, पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते. शेवटचे दहा-बारा मिलिमीटर उरले की मूठ हातात धरून पाते खाली लोंबते ठेवा आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने ठोका. पाते जडत्वाने वर चढते. पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटे वाटते, पण चढते.

लाकडाबद्दल : जपानात मुठीला होओ हे मॅग्नोलिया जातीचे लाकूड वापरतात. ते हलके, राळ नसलेले. इथे त्याच्या जवळ जाणारे म्हणजे शिवण. सागवान तेलकट, त्यामुळे डकवण्याआधी थिनरने पुसावे. अख्खी मूठ शिसवीची केली तर वजन मागे जाते. दिसायला देखणी, हातात जड. लाकूड ओले असेल तर मात्र सगळे फुकट. ते आकसते आणि शेंबीपाशी पायरी पडते.

प्रश्न : मुठीच्या तोंडाशी काळे पडते आणि वास येतो.

उत्तर : फटीतून पाणी आत जाऊन शेपूट गंजते. मूठ पूर्ण वाळवून फटीत वितळलेले मधमाश्यांचे मेण ओता. गंज खोल असेल तर मूठच बदला. या मुठी बदलता येतील अशाच बसवलेल्या असतात. लाकडी ठोकळा पात्याच्या बाजूने शेंबीला टेकवून मुठीच्या मागच्या टोकाच्या दिशेने हलके ठोकले की सुटते. इपॉक्सीने डकवलेली असल्यास आधी मूठ काही वेळ गरम पाण्यात धरावी लागते.

प्रश्न : मी डावखुरा आहे. डी आकाराची मूठ चालेल?

उत्तर : बाजारात मिळणाऱ्या मुठीचा उंचवटा उजव्या हातासाठी असतो. स्वतः करताय तर उंचवटा डावीकडे ठेवा. अष्टकोनी असेल तर प्रश्नच नाही.

प्रश्न : पॉलिश कशाचे?

उत्तर : वार्निश नको, ओल्या हातात निसटते. १८० पासून ४०० पर्यंत पॉलिश पेपर, ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासा, मग उकळलेल्या जवस तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. तेलाचे फडके चुरगळून ठेवू नका, आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळवा.