पहिल्या इन्फ्युजनला जाण्याआधी

प्रिय बाळ,

परवा फोनवर म्हणालीस, ‘मावशी, दोन तास सलाईन लावायचंय, बाकी काही नाही.’ बाकी बरंच काही आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. अशक्तपणा आला की लोक हौसेने जी बाटली लावून घेतात, तिच्यात बहुधा पाणी आणि अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम मीठ एवढंच असतं. तुझ्या पिशवीत इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध असणार आहे. ते शिरेतून हळूहळू सोडतात, त्यालाच इन्फ्युजन म्हणतात. क्रोन्स या तुझ्या आतड्याच्या आजारात सूज वाढवत ठेवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन ते अडवतं. १९९८ पासून हे औषध या आजारात दिलं जातंय. आमच्या हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसभरापुरतं दाखल करतात त्या विभागात, अंगावर मांस न उरलेली मुलं काही महिन्यांत पुन्हा कॉलेजला जायला लागलेली मी पाहिली आहेत. तेव्हा घाबरून मागे फिरू नकोस. पण डोळे उघडे ठेवून घे.

सगळ्यात आधी टीबी. आपल्याकडे क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दुर्बिणीतूनच काय, बायोप्सीतही इतके सारखे दिसतात की पुष्कळांना आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात, तुझ्यासारख्याच. शिवाय कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू काही त्रास न देता पडून असतात. टीएनएफ त्यांच्याभोवतीचं कुंपण राखतो. तो अडवला की कुंपण ढिलं पडतं आणि दबलेला टीबी उसळतो. म्हणून छातीचा एक्स-रे, टीबीसाठी हातावर टोचून करतात ती मांटू किंवा रक्तातली इग्रा तपासणी आणि हिपॅटायटिस बी, हे रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पहिला डोस घ्यायचा नाही. छुपा टीबी निघाला, तर आधी त्याच्या गोळ्या सुरू करतात आणि इन्फ्युजन साधारण महिनाभर पुढे ढकलतात. घरात किंवा हॉस्टेलच्या खोलीत कुणाला टीबी झाला होता का, हे विचारलं नाही तरी सांग. लोक अजूनही लाजेखातर लपवतात आणि ते फार महागात पडतं.

लसींचंही आत्ताच विचारून घे. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी एकदा हे औषध सुरू झालं की चालत नाहीत. राहिल्या असतील तर डॉक्टर आधी काय ते ठरवतील.

डोस वजनावर ठरतो, किलोला पाच मिलिग्रॅम. तुझं वजन ५२ असेल तर २६० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या तीन वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या). औषध तुम्हालाच आणायला सांगितलं, तर ते दोन ते आठ डिग्रीत राहायला हवं. बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवू नका आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नका. गोठलं की वाया गेलं. वायलवरचा बॅच नंबर तुझ्या फाईलमध्ये लिहून घे.

त्या दिवशी उपाशी जाऊ नकोस. पोटभर नाश्ता कर, आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा, म्हणजे शीर लवकर सापडते. सैल बाह्यांचा कुडता घाल. ताप, खोकला, लघवीला जळजळ, दाढेला पू, गुदद्वाराजवळ दुखरी गाठ, यातलं काहीही असेल तर बेडवर बसल्या बसल्या सांग. त्याचं कारण समजून घे. औषध वायलमध्ये पावडरच्या रूपात असतं. सिस्टर त्यात दहा मिली निर्जंतुक पाणी काचेच्या कडेने सोडते, वायल बोटांत हलकेच फिरवते, हलवत नाही, फेस होऊ देत नाही. पाच मिनिटं ठेवते आणि मग ते २५० मिलीच्या सलाईनमध्ये मिसळते. एकदा कालवलं की तीन तासांच्या आत सुरू करावं लागतं, पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. तुझा ताप त्यानंतर कळला तर हजारो रुपयांचं औषध फेकावं लागेल. किंवा त्याहून वाईट, पैसे जातील म्हणून कुणीतरी ते तसंच चढवेल.

आता जे सांगायला मी मुळात लिहायला बसले ते. ड्रिप चालू असताना काही वाटलं तर सोसू नकोस. आपल्याकडे मुलींना सोसण्याचीच सवय लावलेली असते. ‘सिस्टर कामात आहेत, थोडीशीच खाज आहे, संपेलच आता’ असं मनाशी म्हणत पेशंट बसून राहतात. तळहाताला खाज, चेहरा तापणं, थंडी वाजणं, छातीवर दाब, घसा आवळल्यासारखा वाटणं, श्वास लागणं, यातलं एकही झालं की त्याच मिनिटाला हाक मार. लवकर कळलं तर बहुतेक वेळा ड्रिप थांबवून, एव्हिल किंवा हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जी शमवणारी औषधं देऊन त्रास ओसरतो आणि नंतर कमी वेगाने डोस पुरा करता येतो. दहा मिनिटं उशीर झाला की तीच रिॲक्शन आम्हाला धावायला लावते. सुईजवळ फुगलं, आग झाली, तरी सांग. सलाईन आऊट, म्हणजे शिरेबाहेर गेलेलं असतं, सुई बदलावी लागते.

आणि ड्रिपच्या नळीवरच्या चाकीला कुणालाही हात लावू देऊ नकोस. बस चुकेल म्हणून नातेवाईक ती गुपचूप फिरवतात, हे मी अनेकदा पकडलंय. सुरुवात मुद्दाम अगदी हळू करतात आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी वेळात हे औषध द्यायचं नसतं. संपल्यावरही तासभर थांब. एव्हिल दिलं असेल तर झोप येते, स्कूटी घरीच ठेव.

घरी आल्यावर पुढचे दोन आठवडे सांधे दुखणं, पुरळ, ताप याकडे लक्ष ठेव. त्यानंतरही महिनोन्‌महिने, ताप १०० च्या वर गेला, खोकला दोन आठवडे हटला नाही, रात्री घाम येऊन वजन उतरू लागलं, तर कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी आधी ‘मी इन्फ्लिक्सिमॅबवर आहे’ हे सांग.

दुसरा डोस दोन आठवड्यांनी, तिसरा सहाव्या आठवड्याला, पुढे दर आठ आठवड्यांनी. परीक्षा आली तर तारीख थोडी सरकवता येते का ते डॉक्टरांना विचार. पण बरं वाटतंय म्हणून किंवा पैशांची सोय झाली नाही म्हणून मध्येच महिनोन्‌महिने सोडू नकोस. शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मग परत सुरू करताना रिॲक्शनचा धोका वाढतो आणि गुणही कमी येतो. पैशांची अडचण असेल तर डोस चुकवण्याआधी बोल, डॉक्टरांशी आणि माझ्याशीही. विमा कंपनीकडे डे-केअरचा खर्च बसतो का, हे बाबांना या आठवड्यातच विचारायला सांग.

मंगळवारी निघण्याआधी थर्मामीटर लावून बघ आणि आकडा मला कळव. सोबत आईलाच ने.

तुझी,
मावशी