अवकाळी बर्फ आणि खाजेवाला

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय: 'मुलगी शिकायला टोरांटोत आहे. परवा फोनवर म्हणाली, इथे एप्रिलमध्ये बर्फ पडतोय, मैत्रिणीला बर्फी खायला घातली, पण मिठाई विकणाऱ्याला मराठीत काय म्हणतात ते सांगता आलं नाही. हलवाई हिंदी ना? आणि बर्फाला अवकाळी म्हटलेलं चालेल का?'

ताई, आधी बर्फाचं. आपल्याकडे अवकाळी हा शब्द पावसालाच चिकटलाय, पण बर्फालाही तो खुशाल लावा. वेळ चुकल्याचे आपले शब्द कामं वाटून घेतात. मरण अकाली येतं, जेवण अवेळी होतं, आभाळातून पडतं ते अवकाळी. 'बिगरमोसमी' वर्तमानपत्रातच बरा. मात्र मोहोर जाळणारा मार्चचा पाऊस अवकाळी, आणि ऑक्टोबरात कापलेलं भात भिजवतो त्याला आपण परतीचा म्हणतो. नुकसान दोन्हींत आहे, तरी दुसऱ्याला अवकाळी म्हणत नाही, कारण तो आपल्या ऋतूचं शेपूट आहे. टोरांटोत एप्रिलात बर्फ पडणं तसं नवलाचं नाही. म्हणजे तिथल्या माणसाला तो उशिराचा बर्फ, आणि फणसाच्या कुयरीची भाजी आठवत खिडकीशी बसलेल्या तुमच्या लेकीला अवकाळी. तिने अवकाळीच म्हणावं.

कोकणात बर्फ पडत नाही, पण 'हिम' आपल्या घरात फार जुना आहे. हिमाचंच हिंव झालं, त्यातून हिवाळा आला आणि थंडी वाजून येणारा हिवतापही. 'बर्फ' मात्र फारसी. त्यातूनच बर्फी: हिमासारखी पांढरी, थापून वड्या पाडलेली. लेकीने बर्फ पडत असताना मैत्रिणीला बर्फी दिली, म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपं तिच्या हातात होती. हे तिला जरूर सांगा, आवडेल तिला.

आता विकणारा. 'हलवाई' हिंदीतून आला असला तरी त्यातला हलवा मूळचा अरबी, आणि मराठीत तो कधीच मुरलाय. पुण्याच्या दगडूशेठ हलवाईंच्या नावात तो शंभराहून अधिक वर्षं नांदतोय. तेव्हा परका समजू नका. आमच्या मालवणात मात्र अडचण वेगळी. हलवा म्हटला की डोळ्यांपुढे पापलेटाचा काळा भाऊबंद येतो, संक्रांतीचा काटेरी हलवा त्यानंतर. त्यामुळे हलवाई इथल्या जिभेवर फारसा बसला नाही.

'मिठाईवाला' सगळीकडे चालतो, पण त्याची गोष्ट मला जास्त गोड वाटते. संस्कृतातल्या 'मिष्ट'चा अर्थ रुचकर. हिंदीने त्याचा मीठा केला, गोड. मराठीने त्याच शब्दाचं मीठ केलं, खारं. गुजरातीत तर 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला तो या मिठासाठी, आणि शेजारच्या दुकानात मिळते ती मिठाई. जेवणाला रुची आणणारं ते मिष्ट, एवढं धरलं की दोन्ही अर्थ एका घरचे वाटतात.

जुना शब्द हवाच असेल तर अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात आपूपिक आणि कान्दविक असे शब्द आहेत. कान्दविकाचा गुजरातीत 'कंदोई' झाला, आजही तिकडे मिठाई करणाऱ्याला तेच म्हणतात. आपूपिक म्हणजे अपूप, म्हणजे गोड पक्वान्न, करणारा. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतो ते अपूपदान, तोच हा शब्द. पण बोलताना यातलं काही वापरू नये असं माझं मत आहे. 'मिष्टान्नविक्रेता' तर नकोच, तो फक्त पाटीवर राहतो.

कोकणाने खरं तर या माणसाला एक सरसकट नाव दिलंच नाही. जो माल, तेच नाव. आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेने बसतो तो खाजेवाला, मालवणीत खाजेवालो. बेसनाच्या जाड शेवा तळायच्या, गुळाच्या पाकात आलं घालून त्यात घोळवायच्या. तोच खटखटे लाडूही विकतो, तरी नाव खाजाचंच. 'खाजा' हा 'खाद्य'चाच उतार, म्हणजे नुसतं 'खायचं'. सगळ्या खाण्यांत इथल्या लोकांनी यालाच 'खायचं' म्हणावं, यातच त्याचा मान आला. आणि घाटावरच्या जत्रेत गेलात तर काडीवरचा रंगीत बर्फ विकणारा गारेगारवाला भेटेल. गोडही तोच, गारही तोच. लेकीच्या दोन्ही प्रश्नांना एकाच शब्दात बसवणारा असा दुसरा माझ्या माहितीत नाही.

मैत्रिणीला तिने मिठाईवालाच सांगावं. आणि पुढच्या फोनवर 'आये, खाजा धाड' म्हणाली, तर धाडा. आल्या-गुळाचा खाजा डब्यात घट्ट बंद केला की प्रवासात खराब होत नाही.